बोर्डावरचे सहा आठवडे

त्या सकाळी पाऊस पडत नव्हता, पण पडत नाहीये असंही कुणी छातीठोकपणे म्हटलं नसतं. नॉटिंगहॅमच्या एप्रिलला हे बरोबर जमतं. हवेतच ओल असते, केस आपोआप भिजतात आणि छत्री उघडावी तर उगाच लाजल्यासारखं होतं.

वैभवी एल्डरकोट गोल्फ क्लबच्या बारमध्ये शिरली आणि तिने कॉफी मागितली. काउंटरमागचा म्हातारा स्ट्यूअर्ड तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या बुटांकडे बघू लागला.

"मॅडम," तो फार मवाळ आवाजात म्हणाला, "तुम्ही पट्टीच्या आत आला आहात."

तिने खाली पाहिलं. गालिच्यात पितळेची एक बारीक पट्टी बसवली होती. पट्टीच्या अलीकडे ये-जा करायला कुणीही, पलीकडे बसायला फक्त पुरुष. साल दोन हजार चार, पण ती पट्टी रोज सकाळी घासूनपुसून चकचकीत केली जात असावी. लेडीज लाउंज अकराला उघडतं, असंही त्याने सांगितलं. तेव्हा आठ वाजायला दहा कमी होते.

वैभवीला तिथे यायचं कारणच नव्हतं खरं तर. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट, शनिवार म्हणजे तिचा झोपेचा दिवस. पण आज बाबांची परीक्षा होती. डॉ. शशिधर, म्हणजे तिचे बाबा, नऊ वर्षं ह्या क्लबच्या वेटिंग लिस्टवर होते. आता कुठे त्यांचा नंबर लागला होता. आधी क्लबच्या कॅप्टनबरोबर एक राउंड खेळायचा. माणूस खेळतो कसा ह्यापेक्षा हरताना वागतो कसा, हे त्यात बघतात. मग नाव हॉलमधल्या बोर्डावर लागणार, सहा आठवडे. तेवढ्यात एखाद्या मेंबरने सेक्रेटरीला नापसंतीचं पत्र टाकलं तर कारण न सांगता नाव उतरणार. हजारो ऑपरेशनं केलेल्या बाबांचे हात त्या सकाळी थरथरत होते, म्हणून आई म्हणाली होती, "वैभवी, गाडी तू चालव. ह्यांना आज राउंडअबाउट दिसायचं नाही."

तर वैभवी बाहेर आली. दहाव्या होलजवळ, झाडीला लागून एक लाकडी खोपटं होतं. त्याच्या पुढे आलेल्या पत्र्याखाली उभी राहून तिने आईला फोन लावला.

"हो, गेले कॅप्टनबरोबर. कॉलर नीट होती... मी? मी बाहेर. हाकललं नाही गं, नम्रपणे बाहेर काढलं. फरक असतो... अगं, थंडीने दात वाजतायत. आत्ता मला कुणी आल्याचा चहा दिला ना, तर मी त्याच्याशी लग्न करीन."

मागे कडी वाजली आणि खोपट्याचं दार उघडलं.

"आलं आहे," कुणीतरी मराठीत म्हणालं. "किसणी नाही. ठेचून... चालेल?"

वैभवीने फोन बंद केला की तो तिच्या हातातून नुसताच खाली आला, हे तिला पुढे कधीच नीट आठवलं नाही. दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. गुडघ्याला चिखल, हातात वाळूची बादली, आणि चेहऱ्यावर असं हसू की ऐकलंय तर सगळंच ऐकलंय.

"तुम्ही इथे कामाला आहात?" तिने इंग्रजीत विचारलं. आणि विचारताक्षणी जीभ चावली. पट्टीवरून तिला बाहेर काढून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"अर्धा मेंबर, अर्धा गडी," तो म्हणाला. "रघुवीर. Come in, चहा उकळतेय."

आत एक गॅसची शेगडी, आठ-दहा कप आणि भिंतीवर कितीतरी जुने फोटो होते. रघुवीरने आलं बादलीच्या तळाने ठेचलं, आणि वैभवीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. तो सांगत गेला. ह्या खोपट्यातले लोक म्हणजे आर्टिझन्स. बसड्रायव्हर, प्लंबर, पोस्टमन. वर्गणी नावापुरती. बदल्यात सकाळी आठच्या आत खेळून घ्यायचं आणि नंतर तासभर कोर्सची डागडुजी करायची. क्लबहाउसमध्ये मात्र पाय ठेवायचा नाही. शंभर वर्षं असंच चाललंय.

"आणि तुला चालतं?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. सगळ्या बिल्डिंगांत मागच्या दारानेच जातो. Used to it." त्याने कप पुढे केला. "तुझी चहा."

"तुझा चहा."

"नाही, माझं मी घेतलं. हा तुझी."

वैभवीला हसू आवरेना. रघुवीर कॉव्हेंट्रीत जन्मलेला. वडील मोटारींच्या कारखान्यात लाइनवर, आई शाळेच्या किचनमध्ये. मराठी घरात कानावर पडलं तेवढंच. वैभवीला निदान रविवारी आईच्या मराठी वर्गात बसावं लागे, आणि आई, म्हणजे मनीषाताई, चहाला 'ती' म्हटलं तर बिस्किट देत नसत.

चहा मात्र असा झाला होता की तिने कप पुन्हा पुढे केला.

मग तो कामाला निघाला आणि तीही बरोबर निघाली, थंडीत नुसतं उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून. काठीचा फटका जमिनीला लागला की गवताचा ढलपा उडतो. तिथे वाळूत मिसळलेलं बी भरायचं आणि पायाने हलकेच दाबायचं.

"असं नाही," तो म्हणाला. "हळू. बियाला श्वास पायजे."

बर्चच्या झाडाखालचा एक खड्डा तिने एकटीने भरला. दाबताना बूट घसरला, आणि त्याने तिचं कोपर धरलं, आणि सोडलं... पण लगेच नाही.

"गवत कधी येईल?"

"तीन-चार आठवडे. बघायला यावं लागेल तुला."

नऊला त्याला कोर्स सोडावा लागला. जाताना त्याने आपली छत्री तिच्या हातात ठेवली. उघडी छत्री धरून वैभवी गाडीपाशी उभी राहिली, आणि बाबा लालबुंद नाकाने, आनंदाने भरून परत आले. कॅप्टन त्यांना 'माय डिअर फेलो' म्हणाले होते. घरी पोचेपर्यंत बाबा अठराच्या अठरा होल परत खेळले. ती एवढा वेळ कुठे होती, हे त्यांनी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

*

छत्री परत करायलाच हवी होती. पुढच्या शनिवारी ती छत्री घेऊन गेली आणि परत येताना पाऊस होता म्हणून घेऊन आली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा छत्रीचं निमित्त काढायचं दोघंही विसरले.

बाबांना आता पाहुणा म्हणून सराव करू देत, त्यामुळे शनिवारी गाडी चालवायला वैभवी आपणहून उठू लागली. मनीषाताईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. "एवढ्या पहाटे?" त्या एकदा म्हणाल्या. "शाळेला उठवायला मला चादर ओढावी लागायची."

खोपट्यात तिचा एक कप ठरून गेला. रघुवीरचे सवंगडी ती आली की आपोआप वाळू आणायला बाहेर पडत. एवढी वाळू त्या कोर्सवर पूर्वी कधी लागली नव्हती. ती त्याला गोल्फबद्दल विचारी आणि उत्तर ऐकताना त्याच्या बोटांकडे बघत बसे. तो तिला औषधांची लांबलचक नावं म्हणायला लावी आणि म्हणे, "परत. कळलं नाही." त्याला चांगलं कळलेलं असे.

"लिफ्टमध्ये माणसं अडकली की तू काय करतोस?" तिने एकदा विचारलं.

"आधी बोलतो. बाहेरून. नाव विचारतो, काय खाल्लं विचारतो. घाबरलेला माणूसला नुसतं दुरुस्ती नको असते, कुणीतरी बाहेर आहे हे पायजे असते."

वैभवीने हे घरी जाऊन दहा वेळा मनात म्हटलं, त्याच्या चुकांसकट. आपण ह्या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिला त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या अगदी स्वच्छ कळलं, आणि ती अंधारात एकटीच हसली.

पण बोर्डावर बाबांचं नाव होतं, आणि एल्डरकोटमध्ये खिडक्या पुष्कळ होत्या.

चौथ्या आठवड्यातल्या एका रात्री बाबा जेवायला बसले. भाताचे चार घास झाल्यावर म्हणाले, "कॅप्टन आज म्हणाले, तुमच्या मुलीने आर्टिझन्सच्या हटमध्ये मैत्री केलेली दिसते. हसून म्हणाले. 'सम मेंबर्स डू नोटिस,' म्हणाले."

"मग?" वैभवी म्हणाली.

"मग काही नाही. दोनच आठवडे राहिलेत. तेवढे दिवस तिकडे जाऊ नकोस. नंतर बघू."

"नंतर काय बघणार, बाबा?"

बाबा पाणी प्यायले. "मुलगा चांगला असेल. पण लिफ्टचं काम करतो म्हणे, वैभवी."

"अहो, तुम्ही गुडघ्यांचं करता," मनीषाताई म्हणाल्या. "दोन्ही वरखाली करण्याचीच कामं."

कुणी हसलं नाही. आई नंतर भांडी विसळताना हळूच म्हणाली, "त्यांना वाईट समजू नकोस. शहात्तर साली ह्यांच्या साहेबांनी ख्रिसमसच्या जेवणाला त्या क्लबात बोलावलं होतं. नवा सूट शिवला होता. दारातल्या माणसाने सांगितलं, डिलिव्हरी मागच्या बाजूला. हे मागून गेले, किचनमधून आत शिरले, जेवले, आणि साहेबांना चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून त्यांना त्या पुढच्या दारातून आपल्या नावाने आत जायचंय. एवढंच."

बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती.

शनिवारी तिने रघुवीरला सगळं सांगितलं, दारात उभी राहून. आत गेली नाही.

"दोन आठवडे फक्त," ती म्हणाली. "मग कुणाला काही म्हणता येणार नाही. तू थांबशील ना?"

तो बादलीतली वाळू हाताने सारखी करत राहिला. "थांबायला मला येतं. आमच्या लोकांना शंभर वर्षांची प्रॅक्टिस आहे." मग त्याने वर पाहिलं. "पण वैभवी... क्लब मला आत नको म्हणतं, ते मी हसून घेतो. तू मला ओळख दाखवायची नाही म्हणशील तर... ते हसून नाही घेता येणार. आज दोन आठवडे. उद्या तुझा काकूसमोर. परवा लग्नात. मी लपून नाही थांबू शकत."

"मी लप म्हणत नाहीये..."

"म्हणतेस," तो शांतपणे म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती परत फिरली. पाठीमागे दार लागल्याचा आवाज आला नाही. तो दारातच उभा होता, पण वळून बघायचं धैर्य तिला झालं नाही.

*

दरवर्षी मे महिन्यात मेंबर्स विरुद्ध आर्टिझन्स अशी मॅच होते. ती संपली की अठराव्या होलवर हस्तांदोलन करायचं, मग मेंबर्सनी व्हरांड्यात चहाला जायचं आणि आर्टिझन्सनी आपल्या खोपट्यात. दोन्हीकडे केक एकाच बेकरीचा असतो, असं क्लबचे लोक अभिमानाने सांगतात.

त्या वर्षी एका मेंबरचा पायाचा अंगठा ऐन वेळी सुजला आणि कॅप्टननी बाबांना विचारलं. नाव बोर्डावर असलेल्या माणसाला खेळायला बोलवणं म्हणजे मोठा मान. बाबांनी आनंदाने होकार दिला. समोर कोण आहे, हे त्यांना पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, गेल्यावर कळलं.

"गुड मॉर्निंग, काका," रघुवीर म्हणाला. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाबांना घेऊन आलेल्या वैभवीकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान किंचित लववली, जशी अनोळखी बाईला लववतात.

आठ दिवस ती जेवली होती, कामाला गेली होती, गोळ्या मोजल्या होत्या. त्या मान लववण्याने तिला कळलं की हे आठ दिवस ती कशी जगली होती.

ती दोघांच्या मागून चालू लागली. रघुवीर चांगला खेळत होता आणि बाबा चांगले हरत होते. कॅप्टनना आवडतं अगदी तसंच. दहाव्या होलवर बाबांचा चेंडू उजवीकडे भरकटला आणि बर्चच्या झाडाखाली जाऊन पडला. बाबा कपाळाला आठ्या घालून पोचले आणि बघतात तर काय, चेंडू कोवळ्या हिरव्या गवतावर अलगद बसलेला.

"वा," ते म्हणाले. "नशीब चांगलंय आज. ह्या झाडाखाली एवढं सुरेख गवत?"

"नशीब नाही, काका," रघुवीर म्हणाला. "तिथे खड्डा होता. वैभवीने भरला."

बाबांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "तू? कधी?"

उत्तर रघुवीरनेच दिलं. "पहिल्या दिवशी. तुम्ही कॅप्टनबरोबर खेळत होता तेव्हा. तिला बारमधून बाहेर काढलं, तो लेडीज रूम बंद होता. पावसात उभी होती आमच्या पत्र्याखाली."

बाबांच्या हातातली काठी तशीच राहिली. "त्या दिवशी तू बाहेर होतीस? सगळा वेळ?"

"बाहेर कुठे, खोपट्यात होते," वैभवी म्हणाली. "चहा प्यायले."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही किती खुशीत होता, बाबा."

मागच्या जोडीने लांबून हात केला तेव्हा कुठे बाबांनी फटका मारला. तो फारच वाईट गेला.

*

बाबा हरले. अठराव्या होलवर दोघांनी टोप्या काढल्या, हात मिळवले. व्हरांड्यात पांढरे टेबलक्लॉथ पसरले होते, कॅप्टन हातात कप घेऊन उभे होते, आणि मेंबर्सच्या बायका खुर्च्या सरकवून जागा करत होत्या. उजवीकडे गवतातून पायवाट खोपट्याकडे जात होती. रघुवीर बॅग खांद्यावर टाकून त्या वाटेला लागला.

वैभवी हिरवळीच्या मधोमध उभी होती. सहा आठवडे पुरे व्हायला अजून सहा दिवस होते. पत्र लिहायला सहा मिनिटं पुरतात.

बाबांच्या कोटाची बाही तिने धरली. "बाबा, मला माफ करा," ती म्हणाली. "तुमचं नाव लागावं असं मला मनापासून वाटतं. पण मला चहा तिकडेच हवाय."

आणि ती निघाली. धावली नाही, लपली नाही. व्हरांड्यातल्या सगळ्या कपांसमोरून, भर हिरवळीवरून, तिचा निळा दुपट्टा वाऱ्यावर सोडून सरळ चालत गेली. मागे चमच्यांचा आवाज क्षणभर थांबला, असं तिला वाटलं.

"रघुवीर," तिने हाक मारली.

तो थांबला. वळला. तिच्या मागच्या व्हरांड्याकडे आणि मग तिच्याकडे पाहत म्हणाला, "सगळे बघतायत."

"बघू देत. म्हणून तर इकडून आले."

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. बोलायला त्याला मराठी सापडेना आणि इंग्रजीही सापडेना, तेव्हा त्याने खोपट्याचं दार उघडून धरलं.

आलं ठेचून होतंय तोवर दारात सावली पडली. बाबा होते. टोपी हातात, बुटांना गवत.

"शशिधर," मागून लांबून कॅप्टनची हाक ऐकू आली, "युअर टी, ओल्ड चॅप."

"इन अ मोमेंट, कॅप्टन," बाबा तितक्याच मोकळ्या आवाजात म्हणाले, आणि वाकून आत आले, कारण ते दार बुटकं होतं.

आत एकच खुर्ची होती. रघुवीरने ती पुसली. बाबा बसले आणि भिंतीवरचे फोटो बघू लागले. कपाळावर घाम, हातात काठ्या, शंभर वर्षांतली माणसं.

"शहात्तर साली," बाबा म्हणाले, "मी इथे मागच्या दाराने आत गेलो होतो. तेव्हा ठरवलं, पुन्हा असं जायचं नाही. पुढच्या दाराकडे एवढं टक लावून बघत बसलो की माझी मुलगी बाहेर पावसात राहिली, हे मला दिसलं नाही." त्यांनी घसा खाकरला. "चहा आहे का?"

"आहे, काका. आलं घातली आहे."

"घातलं आहे," बाबा आणि वैभवी एकदम म्हणाले.

बाबांचं नाव शेवटी लागलं का, ही हुरहूर तुम्हाला नको म्हणून आत्ताच सांगून टाकते. लागलं. त्या शुक्रवारी बोर्डावरून कार्ड उतरलं आणि मेंबरांच्या यादीत चढलं. एकही पत्र आलं नाही. आलं असतं तरी बाबांनी तो चहा अर्धवट टाकला नसता, हे वैभवीने त्यांच्याकडे बघताच ओळखलं होतं.

बाबांनी कप संपवला. "मी मेंबर झालोच, तर तुझं नाव सुचवीन," ते रघुवीरला म्हणाले. "नव्या मेंबरला पाच वर्षं कुणाचं नाव सुचवता येत नाही म्हणे. नियम आहे. पण पाच वर्षांनी नक्की."

"थँक यू, काका. पण मला पहाटेचा गवतच बरा वाटतो." रघुवीर जरा थांबला. वैभवीकडे न बघता म्हणाला, "दुसरं एक विचारायचं होतं तुम्हाला. त्यालाही... म्हणजे, थांबावं लागत असेल तर मी थांबेन. पाच वर्षंसुद्धा."

"मी नाही थांबणार," वैभवी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते, पण आता माघार घ्यायची तिची तयारी नव्हती.

"तुला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती रघुवीरला म्हणाली. "म्हणजे सांगत आईला होते, पण ऐकलंस तू. आल्याचा चहा देईल त्याच्याशी लग्न करीन म्हणाले होते. दिलास ना?"

"दिला," तो हळूच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा चहा बरोबर आला होता.

बाबा उठले. दोन बोटांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि रिकामा कप रघुवीरच्या हातात दिला.

"मी व्हरांड्यात जाऊन तिला फोन करतो," ते म्हणाले. "तुझ्या आईला. अकरा वाजून गेलेत, आता लाउंज उघडलं असेल, पण तू इथेच थांब."